विजेचा कुकर कोणी घ्यावा आणि कशासाठी

विजेवर चालणारा प्रेशर कुकर घ्यावा का, असं आता पुष्कळ घरांत विचारलं जातं. विचारणारे बहुधा तीन कारणं सांगतात: गॅस वाचेल, वेळ वाचेल आणि शिट्ट्या मोजत ओट्याशी उभं राहावं लागणार नाही. यातलं पहिलं कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पैशांच्या हिशेबात टिकत नाही. दुसरं अर्धं खरं आहे. तिसरं पूर्ण खरं आहे, आणि माझ्या मते केवळ तेवढ्यासाठीही काही घरांनी हा कुकर जरूर घ्यावा. पण पहिलं कारण का टिकत नाही हे समजून घेणं फार गरजेचं आहे. ते यंत्रामुळे घडत नाही. वीजदराचा तक्ता ज्या रीतीने आखला जातो त्यामुळे घडतं, आणि तो तक्ता आखताना आपल्याला बोलण्याचा हक्क आहे. पुढचे मुद्दे म्हणून काही खरेदीबद्दल आहेत आणि काही नागरिक म्हणून काय मागायचं याबद्दल.

१. यंत्र काय करतं

वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर जाऊन उकळतं आणि धान्य लवकर मऊ होतं. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने या तत्त्वावरचं भांडं १६७९ साली बनवलं. आपल्याकडे हॉकिन्स कंपनी १९५९ साली मुंबईत सुरू झाली, आणि पुढच्या दोन पिढ्यांत शिट्टीचा कुकर घरोघर पोचला. विजेच्या कुकरमध्ये तत्त्व तेच असतं. फरक आच देण्यात आणि ती थांबवण्यात आहे. तळाशी तापणारी तबकडी, तापमान आणि दाब ओळखणारे सेन्सर, बाहेरून उष्णता धरून ठेवणारं आवरण. हवा तेवढा दाब आला की वीज आपोआप बंद होते, दाब उतरू लागला की पुन्हा सुरू होते. वाफ बाहेर जवळजवळ जातच नाही. गॅसवरच्या कुकरची प्रत्येक शिट्टी म्हणजे पैसे देऊन तयार केलेली वाफ खिडकीबाहेर सोडणं असतं. म्हणूनच पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी असं जाणती माणसं सांगतात.

आता वेळेचं. गॅसवरच्या आपल्या कुकरात दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो असतो आणि आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. विजेच्या बहुतेक कुकरांत दाब त्याच्या पाऊणपट असतो, तापमान ११५ ते ११७ अंश. त्यामुळे शिजायला थोडा जास्त वेळ लागतो. शिवाय दाब येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि आवरणामुळे दाब आपोआप उतरायलाही जवळजवळ तेवढीच. घड्याळ लावून पाहिलं तर वरण-भात गॅसवर लवकर होतो. वाचतो तो माणसाच्या लक्षाचा वेळ. सातव्या मुद्द्यात त्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

२. आपल्या स्वयंपाकात तो कुठे बसतो

कडधान्यांत तो उत्तम आहे. छोले, राजमा, काळे वाटाणे, हरभरे यांना गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ कोणाचं तरी लक्ष ओट्याकडे राहतं. इथे वेळ लावून दिला की काम संपलं. पुरणाची हरभरा डाळ, मटण, पाया, खिचडी, उकडलेले बटाटे आणि रताळी, ओल्या शेंगा हेही नीट होतं. मोड आलेल्या मटकीला मात्र जपावं लागतं. दाब आल्या आल्या बंद करावा, नाहीतर उसळीचं पिठलं होतं. सोललेल्या वालाचं बिरडं मी यात करणार नाही. त्याला उघडं पातेलं, झाकणावर पाणी आणि मधूनमधून डोकावणारी नजर हवी.

फोडणी यात होते. त्यासाठी वेगळं बटण असतं, मोहरी तडतडते. पण भांडं खोल असतं आणि तळाला मसाला चिकटून राहिला तर सेन्सर ‘करपतंय’ असा इशारा देऊन यंत्र थांबवतो. फोडणीनंतर थोडं पाणी घालून तळ खरवडून घ्यायचा आणि मगच झाकण लावायचं, ही सवय लागेपर्यंत वैताग येतो. एक धोक्याची सूचना, कारण ती माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते: मंद आचेवर तासन्‌तास शिजवण्याची जी सोय काही कुकरांत असते, तिच्यात राजमा कधीही शिजवू नये. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य नष्ट व्हायला खळखळून उकळी लागते. कमी तापमानात ते तसंच राहून पोट बिघडतं. दाबावर शिजवलेल्या राजम्याला हा धोका नाही.

आपल्या घरांचा खरा प्रश्न डब्यांचा आहे. खाली पाणी, एका डब्यात डाळ, एकात तांदूळ, वर बटाटे, ही मराठी कुकर लावण्याची रीत उंच भांड्यासाठी आहे. विजेच्या कुकरचं भांडं रुंद आणि बसकं असतं. तीन लिटरच्या कुकरात एकच डबा कसाबसा बसतो. सहा लिटरच्यात दोन बसू शकतात, पण प्रत्येक घरचे बसतीलच असं नाही. दुकानात जाताना आपले डबे पिशवीत घालून न्यावेत आणि तिथेच बसवून पाहावेत.

पोळी, भाकरी, पापड, भरताचं वांगं, धिरडं यांतलं काहीही यात होत नाही. म्हणजे गॅसजोडणी राहणारच. हा कुकर शेगडीच्या जोडीला येतो, तिच्या जागी येत नाही, हे आधीच मनाशी ठरवून घेतलं तर पुढे निराशा होत नाही.

३. पैशांचा हिशेब

हा हिशेब कोणालाही आपल्या बिलावरून करता येतो. म्हणून आकडे उघड मांडले आहेत.

१४.२ किलोच्या सिलिंडरमधल्या गॅसची उष्णता सुमारे १८० युनिट विजेएवढी असते. घरगुती शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकानुसार किमान ६८ टक्के असावी लागते, पण ती प्रयोगशाळेतली. बर्नर काजळलेला, भांडं लहान, खिडकीतून वारा, अशा खऱ्या स्वयंपाकघरात ५५ टक्के धरणं योग्य. म्हणजे एका सिलिंडरमधून अन्नाला मिळणारी उष्णता शंभर युनिटांच्या आसपास. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांची वाढ झाल्यावर मुंबईत सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना झाला. म्हणजे उपयोगी पडलेल्या उष्णतेचा एक युनिट साडेआठ रुपयांना पडला.

आता वीज. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांसाठी वीज आकार आणि वहन आकार मिळून ५ रुपये ८८ पैसे होते. १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात तेच ११ रुपये ४६ पैसे. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं की पहिल्या टप्प्यात ६ रुपये ८२ पैसे आणि दुसऱ्या टप्प्यात १३ रुपये २९ पैसे होतात. विजेचा कुकर घेतलेल्या विजेपैकी ८५ टक्के अन्नात घालतो असं मानलं, तर उपयोगी उष्णतेचा एक युनिट पहिल्या टप्प्यात ८ रुपयांना आणि दुसऱ्या टप्प्यात १५ रुपये ६० पैशांना पडतो.

चौघांच्या घरात रोज कुकर लावला तर महिन्याला वीस युनिटांच्या आसपास वीज लागेल. तेवढ्याने सुमारे २.४ किलो गॅस वाचेल, म्हणजे १४५ रुपये. बदल्यात वीजबिल वाढेल ते १३६ रुपयांनी किंवा २६६ रुपयांनी. महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला नऊ-दहा रुपये सुटतात. फ्रिज, पंखे, धुलाईयंत्र असलेलं मध्यमवर्गीय घर शंभरच्या पुढे असतंच, त्याचे दरमहा सव्वाशे रुपये जास्त जातात. छोले-राजमा जास्त करणाऱ्या घरात फरक थोडा कमी होईल, पण दिशा बदलणार नाही. कुकरची किंमत वेगळीच. तीन लिटरचा साधारण अडीच ते चार हजारांना, सहा लिटरचा पाच ते दहा हजारांना मिळतो.

उज्ज्वला योजनेतल्या घरात तर प्रश्नच मिटतो. तिथे सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आहे, आणि राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत. त्या घरांनी पैसे वाचतील म्हणून विजेचा कुकर घेऊ नये, आणि कोणी तसं सांगून विकत असेल तर त्याच्याकडे वरचा हिशेब मागावा.

४. टप्प्यांचा दर आणि डाळीचा गुन्हा

पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना विजेचा दर जवळजवळ दुप्पट होतो. या रचनेमागचा हेतू मला मान्य आहे. एका खोलीत दोन दिवे नि एक पंखा चालवणाऱ्याला स्वस्त वीज मिळावी आणि वातानुकूलन यंत्रं लावणाऱ्याने जास्त द्यावं, हे न्यायाचंच आहे. पण ही रचना ज्या काळात घडली तेव्हा स्वयंपाक गॅसवर होता. आज तोच स्वयंपाक विजेवर आणला की दरपत्रक डाळ शिजवणाऱ्या घराला चैन करणारं घर समजतं. शंभराच्या उंबरठ्यावर असलेल्या कुटुंबाने वीस युनिट डाळ-भातावर खर्च केले की ते थेट महागड्या टप्प्यात जातं.

गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथली घरगुती वीज महाराष्ट्रापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे आणि वरचाच हिशेब पेडण्यातल्या किंवा फोंड्यातल्या बिलावर केला तर उत्तर उलटं येतं. तेरेखोलच्या अलीकडे तोट्याचं असलेलं यंत्र पलीकडे फायद्याचं ठरतं. सीमा ओलांडली म्हणून कुकर बदलत नाही. नेपाळने याहून पुढचं पाऊल टाकलं. स्वतःची जलविद्युत आणि बाहेरून आणावा लागणारा गॅस, हे गणित पाहून २०२० च्या हवामान आराखड्यात त्या देशाने २०३० पर्यंत २५ टक्के घरांत विजेची शेगडी हे स्वयंपाकाचं मुख्य साधन करण्याचं उद्दिष्ट ठेवलं.

आपणही गॅसच्या गरजेपैकी सुमारे ६० टक्के बाहेरून आणतो. त्यातला बहुतेक आखाती देशांतून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी, गॅसला अनुदान देतो तसं विजेवर स्वयंपाक करण्याच्या साधनांना का देऊ नये, असा प्रश्न जाहीरपणे केला होता. प्रश्न बरोबर होता. मात्र नुसत्या यंत्राला अनुदान दिलं आणि युनिटचा दर तोच ठेवला, तर यंत्र माळ्यावर जाईल.

५. पर्यावरणासाठी घेताय?

आजच्या विजेवर तरी नको. देशाच्या ग्रिडमधून आलेल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण बहुतांश वीज अजून कोळशाची आहे. वरच्याच कार्यक्षमता धरून हिशेब केला तर गॅसवर शिजवलेल्या अन्नाचा कार्बन विजेवरच्यापेक्षा निम्म्याने कमी निघतो. मात्र स्वयंपाकघरातल्या हवेचा विचार वेगळा आहे. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तो श्वासनलिकेला त्रास देतो. विजेच्या कुकरातून काहीच निघत नाही. एकच लहान खिडकी असलेल्या घरात दम्याचं माणूस असेल, तर हे कारण पुरेसं मोठं आहे.

६. छपरावर सौर पॅनेल असेल तर

मग घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. असा संच बसवलेल्या घरांत वर्षाअखेरीला वीज शिल्लक राहिली तर तिचा परतावा किरकोळ दराने मिळतो. ती वीज वरण-भातात घालणं कितीतरी शहाणपणाचं. कार्बनचा आक्षेपही इथे बराचसा गळून पडतो.

सौर संच नसलेल्यांसाठीही एक खिडकी उघडली आहे. जुलै २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू केली. दुपारी घरी कोणी असेल तर संध्याकाळचे छोले तेव्हाच शिजवून ठेवता येतात. पण आपल्याकडे चूल पेटते ती सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ. नोकरदार घराला या सवलतीचा उपयोग नाही. काही जण म्हणतील, वेळ लावून ठेवा, दुपारी आपोआप सुरू होईल. थंडीत ठीक आहे. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात सकाळी भिजवून बंद भांड्यात ठेवलेली कडधान्यं दुपारपर्यंत आंबतात.

७. लक्षाचा वेळ

या कुकरची खरी किंमत इथे वसूल होते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला ३०५ मिनिटं विनामोबदला घरकामात जातात असं दिसलं. २०१९ मध्ये हा आकडा ३१५ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं. या पाच तासांत हातांनी केलेलं काम जितकं असतं, तितकीच दुसरीकडे काही करत असताना शिट्टीकडे ठेवलेली कानांची पहारेदारी असते. मुलाचा अभ्यास घेताना, अंघोळीला जाताना, दारात भाजीवाला आल्यावर, ‘दोन झाल्या का तीन?’ हा प्रश्न डोक्यात चालूच असतो. विजेचा कुकर ही पहारेदारी संपवतो. तो लावून बाईला बाहेर चालायला जाता येतं, आणि आल्यावर अन्न गरम असतं, करपलेलं नसतं.

दुसरी गोष्ट अशी की जो पुरुष ‘मला गॅसवरचा अंदाज येत नाही’ म्हणून स्वयंपाकघराबाहेर राहतो, त्याला इथे अंदाजाची गरजच नाही. डाळ, तांदूळ, पाणी यांची मापं कागदावर लिहून फ्रिजवर लावावीत आणि सकाळचा कुकर त्याच्याकडे द्यावा. दहा मिनिटं कमी व्हायला पाच वर्षं लागली, ती यापेक्षा लवकर कमी करता येतील.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी तर मी याची शिफारस ठामपणे करतो. मुलं परदेशात किंवा पुण्या-बंगळुरात, आणि गावच्या घरात आई किंवा वडील एकटे. अशा घरात गॅस चालू राहून विसरणं ही रोजची भीती असते. ऐकू कमी येणाऱ्याला शिट्टी कळत नाही, हात थरथरणाऱ्याला गरम शेगडीवरून जड कुकर उचलणं धोक्याचं. विजेचा कुकर स्वतःच बंद होतो, जागेवरून हलवावा लागत नाही, आणि दाब असेपर्यंत झाकण उघडत नाही. अशा घरात महिन्याचे सव्वाशे रुपये जास्त गेले तर जावेत. फक्त बटणं कमी असलेला घ्यावा, आणि कोणती दाबायची त्यांवर रंगीत टिकल्या लावून द्याव्यात.

८. भाड्याची खोली आणि वसतिगृह

पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं, हिंजवडी-चाकणला कामाला आलेले तरुण, मुंबईत एका खोलीत चौघं राहणारे कामगार, यांचा हिशेब तिसऱ्या मुद्द्यातल्या हिशेबात बसत नाही. त्यांच्याकडे मोठा सिलिंडर नसतो. पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय रीतसर मिळतो, पण किलोमागे महाग पडतो. म्हणून पुष्कळ जण कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या सिलिंडरमधला गॅस लहान टाकीत भरून घेतात. हा धंदा बेकायदा आहे आणि जीवघेणाही. भरताना गळती झाली तर पूर्ण खोली जाते. अशा खोलीत तीन लिटरचा विजेचा कुकर हा सुरक्षिततेचा उपाय आहे, आणि मेसच्या दोन वेळच्या खर्चापुढे त्याची किंमत लवकर भरून निघते.

अडथळा घरमालकाचा असतो. सबमीटर लावून तो युनिटला मनाला येईल तो सपाट दर घेतो, आणि वर ‘स्वयंपाक करायचा नाही’ अशी अट घालतो. वसतिगृहांतही तेच. बंदी असते, म्हणून मुलं लपवून उघडी कॉइल वापरतात, जी विजेच्या कुकरपेक्षा कितीतरी धोकादायक आहे. प्रत्येक मजल्यावर एक सामायिक ओटा, चांगली वायरिंग आणि दोन-तीन कुकर ठेवले तर ही चोरी थांबेल. सरकारी वसतिगृहांनी सुरुवात करावी.

९. वायरिंग

इथे विजेचा कुकर इंडक्शनपेक्षा सरस आहे. दोन हजार वॅटच्या इंडक्शनला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात, म्हणजे मोठ्या पिनचा सोळा अँपिअरचा सॉकेट हवाच. हजार वॅटचा कुकर साडेचार अँपिअरच्या आत भागवतो. वायर चांगली असेल तर साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर तो चालतो. पण त्याच बोर्डावर मिक्सर नि किटली एकदम लावू नये, एक्स्टेन्शनची बारीक वायर वापरू नये, आणि अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावं. पाणी आणि वीज जवळजवळ असतात तिथे अर्थिंग नसणं परवडत नाही.

गावांत व्होल्टेजचा प्रश्न आहे. २३० व्होल्टचा हजार वॅटचा कुकर १८० व्होल्टवर जेमतेम सहाशे वॅट देतो, कारण व्होल्टेज कमी झालं की शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब यायला मग दीडपटीहून जास्त वेळ लागतो. संध्याकाळी दिवे पिवळे पडतात अशा वाडीत हा कुकर घेऊ नये.

१०. दुरुस्ती

शिट्टीच्या कुकरची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, हँडल आठवडी बाजारातही मिळतं, आणि तीस वर्षांचा कुकर अजून चालतो. विजेच्या कुकरात सर्किट बोर्ड गेला की तालुक्याच्या गावी कोणी हात लावत नाही. सेवा केंद्र जिल्ह्याला, सुटा भाग दिल्लीला, आणि शेवटी ‘नवीनच घ्या’ हे उत्तर. पाच हजारांची वस्तू तीन वर्षांत भंगारात जाणं हे घराचं नुकसान आहे आणि कचऱ्याचाही प्रश्न आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं. स्वयंपाकघरातली अशी यंत्रं बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला त्या चौकटीत आणून, सुटे भाग किमान सात वर्षं मिळतील अशी सक्ती व्हायला हवी.

तोवर खरेदी करणाऱ्याने एवढं पाहावं: आतलं भांडं स्टीलचं असावं, कारण नॉनस्टिकचा थर आपल्या डावांनी दोन वर्षांत उडतो. रिंग आणि भांडं वेगळं विकत मिळतं का, ते दुकानदाराकडून बिल करण्याआधी विचारून घ्यावं. मटणाचा वास रिंगेत बसतो, म्हणून खिरीसाठी दुसरी रिंग लागतेच. आयएसआय चिन्ह पाहावं. गॅसवरच्या प्रेशर कुकरला ते चिन्ह फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचं आहे, आणि तरीही त्याशिवायचे कुकर ऑनलाइन विकले गेल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये विक्रीमंचांना दंड केला होता. दाबाखालच्या भांड्यात स्वस्ताईचा मोह धरू नये.

११. काय मागायचं

महाराष्ट्र वीज नियामक आयोग महावितरणच्या दरवाढीच्या प्रस्तावावर लेखी हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. तिथे उद्योगांच्या संघटना तयारीने येतात, शेतकरी संघटना येतात, ग्राहक संघटना येतात. रोज स्वयंपाक करणारी माणसं स्वयंपाकाचा मुद्दा घेऊन आलेली मी क्वचितच ऐकली आहेत. महिला मंडळं, बचतगट, गृहनिर्माण संस्था आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांनी पुढच्या सुनावणीत या मागण्या लेखी द्याव्यात.

पहिली मागणी टप्प्याबद्दल. १०० युनिटांची मर्यादा स्वयंपाकासाठी १३० करावी. ही वाढ फक्त महिन्याला ३०० युनिटांच्या आत राहणाऱ्या घरांना द्यावी, म्हणजे वातानुकूलन यंत्रांना तिचा लाभ मिळणार नाही. याने महसूल घटेल हे खरं. पण गॅसच्या अनुदानावर आणि मोफत सिलिंडरवर सरकार आजही खर्च करतंच आहे, त्यातला काही भाग इकडे वळवता येईल. संध्याकाळच्या ताणाच्या वेळी वीज स्वस्त करा असं मी म्हणत नाही, कारण तेव्हाची वीज खरोखर महाग पडते. दिवसाची सवलत सकाळी सातपासून सुरू झाली तरी नोकरदार घरांचा एक वेळचा स्वयंपाक तिच्यात येईल. सातला सूर्य जेमतेम वर आलेला असतो, तेव्हा सौर वीज कमी असते, हा आक्षेप येईल. त्यावर निदान आठची वेळ तरी मिळवता येईल.

दुसरी मागणी यंत्राबद्दल. जानेवारी २०१५ पासून उजाला योजनेत सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी दिवे एकगठ्ठा विकत घेतले आणि त्यांची किंमत काही वर्षांत कोसळली. याच कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये वीस लाख इंडक्शन शेगड्यांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात प्रेशर कुकरही घ्यावा, आणि खरेदीच्या अटींत सुट्या भागांची हमी, १८० व्होल्टवर चालण्याची चाचणी आणि आपले डबे मावतील असं उंच भांडं या तीन गोष्टी घालाव्यात. खोक्यावर वॅट छापलेले असतात, एक वाटी तूरडाळ शिजवायला किती युनिट लागतात ते छापलेलं नसतं. ते छापणं सक्तीचं करावं.

तिसरी मागणी सबमीटरची. भाडेकरूकडून वीज कंपनीच्या दरापेक्षा जास्त दर घेणाऱ्या घरमालकाविरुद्ध तक्रार कुठे करायची, हे वीजबिलाच्या मागच्या बाजूला मराठीत छापलं जावं. आज भाडेकरूच्या हाती ते बिल येतच नाही, म्हणून त्याची प्रत मागण्याचा हक्क भाडेकराराच्या नमुन्यात घातला पाहिजे.